‘अमुक’वरचे बोट

एकदा एका वृद्ध आचार्यांकडे त्यांची विद्यार्थिनी आपल्या प्रकल्पावर सही घ्यायला आली. आचार्य संगणकशास्त्र शिकवीत आणि दुसऱ्याच दिवशी निवृत्त होणार होते. संकेतस्थळांचे रंगरूप ठरवणाऱ्या फायली वाचणारा प्रोग्राम तिने वर्षभर खपून लिहिला होता. सरांनी तो पसंत केल्यावाचून जाऊ नये, एवढीच तिची ओढ होती.

पण एक ओळ अडत होती. अवतरणचिन्हांतल्या मजकुरात मध्येच महिरपी कंस येई. तिथे मागाहून खरे नाव भरायचे असे. त्या कंसात आणखी एक अवतरणचिन्ह आले, की प्रोग्रामला वाटे, मजकूर संपला. उरलेली ओळ तो टाकून देई. वैतागून तिने नियमच केला होता : कंसात अवतरणचिन्ह लिहू नये.

“सूर लागेना म्हणून गाण्यातून काढूनच टाकलास म्हणायचा,” सर हसले. “ती ओळ मोठ्यानं वाच.”

ती वाचू लागली. कंसापाशी येताच सरांनी पडद्यावर बोट ठेवले. “तुझं नाव कुणी ठेवलं गं?”

तिला काही उमजेना. तरी तिने सांगितले : नाव आत्याने ठेवले, पाळण्यापाशीच वाद झाला, आजोबा दोन दिवस जेवले नाहीत. “झालं, एवढंच.”

सरांचे बोट तिथेच होते. बोट उचलून ते म्हणाले, “वाच पुढे.” तिने कंसापुढचा शब्द वाचला आणि ती थबकली.

“आमच्या गावी नदीकाठच्या देवळात वडील संकल्प सांगत,” सर म्हणाले. “पोथीत यजमानाच्या नावाच्या जागी नुसतं ‘अमुक’ असे. एक म्हातारी आजारी नवऱ्यासाठी अभिषेक करायला आली. नवऱ्याचं नाव ती कसं घेणार? गोवर्धन कुणी उचलला, गोकुळ कसं वाचलं, सगळं सांगून म्हणाली, ‘झालं.’ पोथी धरून मी शेजारी बसलो होतो; ती मिटू लागलो, तर पानावर वडिलांचं बोट. म्हणाले, ‘तिचं झालं रे, मंत्राचं कुठं झालं?’ ‘अमुक’च्या जागी त्यांनी ‘गिरिधर’ म्हटलं आणि पुढचा शब्द उचलला. म्हातारीनं डोळे पुसले. ते देऊळ आता धरणाच्या पाण्याखाली आहे.”

तिने आपला नियम खोडला. संध्याकाळपर्यंत तिचा प्रोग्राम कंसापाशी खूण ठेवून कंसातले वेगळे, पूर्ण वाचू लागला आणि कंस मिटताच खुणेपाशी परतू लागला. सरांनी सही केली.

आता ती स्वतः शिकवते. शिकवताना मध्येच कुणी काही विचारले, की फळ्यावर बोट ठेवते आणि त्याचे सगळे ऐकून घेते.