आपट्याच्या पानांचे रुपये

डोंगराच्या कुशीत, साग आणि ऐनाच्या दाट रानाला लागून एक इवलासा पाडा होता. त्याचं नाव टेंभरपाडा. कुडाच्या भिंती, गवताची छपरं आणि दारात शेणाने सारवलेली लहान लहान अंगणं. त्यातल्या अगदी शेवटच्या झोपडीत मंगळी राहायची. तिचे डोळे जांभळासारखे टपोरे होते आणि फ्रॉकला एकच बटण उरलं होतं.

मंगळीचा बा दूर वीटभट्टीवर गेला होता. भाताची कापणी झाली की तो दरवर्षी जायचा आणि उन्हाळा सरता सरता परत यायचा. घरात उरायची मंगळी, तिची आये आणि धाकटा बारक्या.

पण या वर्षी बारक्या नव्हता.

भादव्यात त्याला ताप आला होता. बा मजुरीला दुसऱ्या गावी गेलेला. दवाखाना लांब, आणि जीपवाला म्हणाला, "आधी भाडं." भाडं घरात नव्हतं, शेजारीही नव्हतं. मग आयेने बारक्याला पदरात गुंडाळलं आणि ती चालत निघाली. मागोमाग मंगळी पळत होती. अर्ध्या वाटेवर, हिरव्यागार भातखाचरांपाशी, बारक्या आयेच्या खांद्यावर निजला. तो पुन्हा उठलाच नाही.

त्या दिवसापासून आये बोलेनाशी झाली. चूल पेटवायची, पाणी आणायची, आणि काम संपलं की आढ्याला टांगलेल्या बारक्याच्या झोळीची दोरी हातात धरून बसायची. रिकामी झोळी हलायची. पुढे, मागे. पुढे, मागे. मंगळी कोपऱ्यातून बघत राहायची आणि तिला वाटायचं, आपल्यालाही कुणीतरी एक हाक मारावी.

एका सकाळी मंगळी कंद खणायला रानात गेली. गवताच्या पात्यापात्यावर दवाचे मोती लुकलुकत होते. पिवळी, निळी, ठिपक्याठिपक्यांची फुलपाखरं भिरभिरत होती. इतक्यात घाणेरीच्या जाळीतून बारीकसा आवाज आला, जणू एखादं घुंगरू रडत होतं.

मंगळीने वाकून पाहिलं. जाळीत एक परी अडकली होती! मंगळीच्याच एवढी, अंगावर कोवळ्या उन्हाचा झगा, आणि पंख असे, की पानांतून जमिनीवर पडलेले कवडसेच कुणी उचलून जोडलेत. एक पंख काट्यांत गुंतून फाटायला आला होता.

"हलू नको हां," मंगळी म्हणाली. "हललीस तर फाटंल."

तिने जाळीत हात घातला आणि एकेक काटा हळूहळू सोडवला. तिची बोटं रक्ताळली, पण पंखाला ओरखडाही आला नाही.

परी बाहेर आली आणि तिने मंगळीच्या बोटांवर फुंकर घातली. "माझं नाव कवडशी. तू माझा पंख वाचवलास. आता माग, तुला काय हवं ते माग."

मंगळीला विचार करावा लागला नाही. "माझा बारक्या दे."

कवडशीचा चेहरा एकदम मावळला. तिच्या झग्यावरचं ऊनही फिकं झालं. "मंगळे, परीराज्याचा पहिला नियम आहे. जे गेलं, ते परत देता येत नाही. राणीलासुद्धा नाही." आणि परीच्या डोळ्यांतून टपटप पाणी गळू लागलं.

मंगळीने आपल्या बाहीने तिचे डोळे पुसले. "बरं. मग रडू नको."

"दुसरं काहीतरी माग ना! जरीचा झगा देऊ? निळ्या डोळ्यांची बाहुली? वरच्या पाड्यावर मी एका घराला मखमलीची गादी दिली होती. एका घराला चांदीचा आरसा दिला, हा एवढा मोठा!"

"मग? खूश झाली ती माणसं?"

कवडशीने मान खाली घातली. "गादी गळक्या छपराखाली कुजली. आणि आरशात बघून ती बाई म्हणाली, आता उपाशी तोंडं दुप्पट दिसतात."

"तू त्यांना विचारलं नव्हतंस, काय हवं म्हणून?"

"नाही," परी हळूच म्हणाली. "मला वाटलं, मला कळतं."

मंगळीने जमिनीवर बोटाने रेघोट्या मारल्या. मग म्हणाली, "परीबाय, मला बाहुली नको. तू माझ्या आयेला पैसे दे. घराला काय हवं ते तिला कळतं. तिच्या हातात कधी काही नसतं, एवढंच."

पैसे! कोणत्याही परीकडे कुणी असलं मागणं मागितलं नव्हतं. कवडशी राणीला विचारायला भुर्रकन उडून गेली आणि थोड्या वेळाने मोठ्या काळजीत परतली.

"राणी हो म्हणाली, पण मनापासून नाही. ती म्हणते, गरिबाच्या हाती पैसा म्हणजे ओंजळीतलं पाणी, उधळून टाकतील. म्हणून नियम नीट ऐक. तुमच्या झोपडीमागे आपट्याचं झाड आहे ना? दर पुनवेनंतरच्या सकाळी त्याची काही पानं गळतील. गळतील तेवढ्यांचेच चांदीचे रुपये होतील. फांदीवरचं एक जरी पान ओरबाडलंत, तर झाड वाळून जाईल. आणि हे फक्त तुमच्या एका घरासाठी."

"आणि काय घ्यायचं, ते कोण सांगणार?"

"कुणीच नाही. मी नुसती बघेन."

पुनव आली. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता मंगळीने आयेचा हात धरून तिला झोपडीमागे नेलं. "गळंल तेवढंच घ्यायचं, फांदीला हात लावायचा नाय," ती म्हणाली. आपट्याची जुळी जुळी हिरवी पानं अलगद गिरक्या घेत खाली येत होती आणि मातीला टेकताच छुन्न वाजत होती. गोल, गोजिरे, चकचकीत रुपये! आये कितीतरी वेळ नुसती उभी राहिली. मग खाली बसली आणि तिने ते पदरात वेचले. फांदीकडे तिने मान वर करूनही पाहिलं नाही.

कवडशी पिवळं फुलपाखरू होऊन कुडावर बसली होती. आता ही तांदूळ आणेल, तिला वाटलं. नाहीतर छपरासाठी काहीतरी आणेल.

आयेने बाजारातून तांदूळ आणला, गूळ आणला, नारळ आणले. पण घरात साठवून ठेवायला नाही. दुसऱ्या दिवशी तिने अंगणात मोठं पातेलं चढवलं आणि मंगळीला घरोघरी पाठवून सगळ्या पाड्याला जेवायला बोलावलं.

कवडशीच्या पंखांना थरथर सुटली. पहिल्याच पैशांची जेवणावळ! आता राणीला काय सांगू? ती भिरभिरत मंगळीच्या कानाशी आली. "अगं, हे काय चाललंय?"

"बारक्याचं जेवण," मंगळी म्हणाली. "आमच्या पाड्याची रीत हाये. माणूस गेलं की सगळ्यांनी मिळून गोड खायचं आणि त्याचं नाव घ्यायचं. भादव्यात आमच्याकडं मूठभर नाचणी होती. त्याचं नाव कुणी घेतलंच नाय."

अंगणात पंगत बसली. गुळाच्या भाताचा खमंग वास रानापर्यंत गेला. जेवणं झाल्यावर पाड्यातली म्हातारी जानकाय उठली आणि मोठ्याने म्हणाली, "बारक्या!" मग सगळे म्हणाले, "बारक्या!" लहान पोरंसुद्धा म्हणाली. सगळ्यात शेवटी आये म्हणाली. इतक्या दिवसांनी तिच्या तोंडून शब्द फुटला आणि तो हाच होता. मग ती इतकी रडली, की कुडावरचं फुलपाखरूही पंख मिटून बसलं.

संध्याकाळी तिने झोळी सोडली, धुतली आणि वाळत घातली. शेजारच्या यसूची चिमी तान्ही होती, ती फाटक्या गोणपाटावर निजायची. आयेने झोळी यसूच्या हातात दिली. मग घरात येऊन म्हणाली, "मंगळे, इकडं ये गं. केस बघ कसे झालेत."

मंगळी धावत जाऊन तिच्या मांडीशी बसली. आये केस विंचरत होती आणि मंगळीला गुंता ओढल्याचं दुखत होतं, पण ती हू की चू करत नव्हती.

कवडशी राणीकडे गेली आणि म्हणाली, "पैसे वाया गेले नाहीत. कसे ते मला सांगता येत नाही, पण गेले नाहीत."

पुढच्या पुनवेला तांदूळ आला, तेल आलं, मंगळीच्या फ्रॉकला लालचुटूक बटणं आली. त्याच्या पुढच्या पुनवेला छपरावर निळानिळा प्लास्टिकचा कागद चढला आणि घरात एक काळी शेळी आली, तिच्या कपाळावर पांढरी टिकली. एकदा आयेने कोंबड्या घेतल्या. त्या साऱ्या मुंगसाने पळवल्या! आयेने कपाळाला हात लावला आणि ती हसली. चूक झाली खरी, पण चूक करण्याइतकं तिच्याकडे आता काहीतरी होतं.

रोज मंगळी शाळेत जाऊ लागली. कंद खणायला रानात जावं लागेनासं झालं. आणि दर पुनवेला आये थोडे रुपये बाजूला काढून एका लहानशा गाडग्यात टाकायची.

"हे कशाला, आये?"

"असू दे," आये म्हणायची आणि तोंड फिरवायची.

उन्हाळा सरत आला. एका दुपारी यसू रडतओरडत आली. "चिमी डोळं उघडत नाय गं! अंग नुसतं भाजतंय!"

आये क्षणभर दगडासारखी झाली. मग तिने गाडगं उचललं आणि अनवाणीच धावत सुटली. जीपवाला आंब्याखाली बसला होता. "आधी भाडं," तो म्हणायच्या आतच तिने गाडगं त्याच्यासमोर ठेवलं. "घे. चल. बोलू नको, चल."

चिमीला घेऊन यसू आणि आये आत बसल्या आणि धुरळा उडवत जीप गेली. पाडा वाटेकडे डोळे लावून बसला. ऊन पिवळं झालं, मग केशरी झालं. दिवस मावळता मावळता जीप परत आली, आणि आतून चिमीचा खणखणीत रडण्याचा आवाज आला. अवघ्या पाड्याने इतकं गोड रडणं कधी ऐकलं नव्हतं.

यसू आयेच्या पायाशी वाकली. आयेने तिला उठवलं, चिमीची पापी घेतली आणि ती घरी आली. गाडग्यात अजून रुपये शिल्लक होते. त्यांच्याकडे बघत ती उंबऱ्यातच बसली.

"मंगळे," ती म्हणाली, "एवढंच लागत होतं गं. एवढंच."

मंगळीने तिच्या गळ्याला मिठी मारली.

कुडावरच्या फुलपाखरानेही ते ऐकलं. कवडशी तडक राणीपुढे उभी राहिली. "राणीसरकार, आपण दिलं, पण उशिरा दिलं. आणि एकाच घराला दिलं. बाकीच्या घरांत आज कुणाचा तरी बारक्या आहे."

राणीने कवडशीच्या उजळ पंखांकडे पाहिलं. मग तिने सांगितलं ते ऐकून कवडशी मंगळीकडे आली.

रानात जाळीपाशी दोघी भेटल्या. कवडशी आज नेहमीपेक्षा जास्त लखलखत होती, पण तिचा आवाज ओला होता.

"मंगळे, तुझ्यापुढे दोन वाटा आहेत. पहिली अशी, की मी दर पुनवेला येईन, तुझ्याशी खेळेन आणि पानं फक्त तुमच्याच झाडाची गळतील. दुसरी अशी, की पाड्यातल्या प्रत्येक घरामागे आपटा उगवेल. पण त्याला माझा सगळा उजेड लागेल. मग मी तुला दिसणार नाही. कधीच."

मंगळीला दुसरी मैत्रीण नव्हती. ती कवडशीचा हात गच्च धरून बसली. ऊन पानापानांतून सरकत राहिलं.

"तुला दुखंल का?" शेवटी तिने विचारलं.

"नाही गं."

"मग सगळ्यांना दे," मंगळी म्हणाली आणि तिने हात सोडला.

कवडशीने तिच्या कपाळावर ओठ टेकले. तिच्या पंखांतून सोनेरी उजेड पाझरू लागला, झग्यातून, केसांतून, बोटांतून. तो उजेड झाडांवरून, कुडांवरून, छपरांवरून पसरत गेला. घराघरामागे मातीतून जुळ्या पानांचे इवले कोंब वर आले आणि बघता बघता त्यांची झाडं झाली. रान लख्ख उजळलं. मग उजेड विरला, आणि जाळीपाशी मंगळी एकटी उरली.

आये तिला शोधत आली. "कशाचा उजेड गं तो? आणि रडतेस का?"

मंगळीने सगळं सांगितलं. आये ऐकत राहिली. मग पदराने मंगळीचं नाक पुसत म्हणाली, "एवढे दिवस येत होती आणि तू तिला जेवायला नाय आणलीस? किती लांबून येत असंल पोर!"

पावसाच्या तोंडावर बा परत आला. पुढे भाताची कापणी झाली, आणि त्या वर्षी बा वीटभट्टीवर गेला नाही. टेंभरपाड्यातलं कुणीच गेलं नाही. थंडीच्या सकाळी घराघरातून धूर निघत होता, बाप्ये अंगणात शेकत बसले होते आणि पोरं शाळेला पळत होती. आये मात्र अधूनमधून काम करता करता थांबायची आणि भातखाचरांकडे बघत राहायची. ते बघणं काही संपलं नाही.

टेंभरपाड्याची गोष्ट इथवर. ज्या घराला जे हवं असेल ते त्या घराला मिळो. आणि वेळेवर मिळो.