बस्त्यावने घरीच गिटार सुधारली

वसईकडच्या आमच्या गावात एक भोळा गिटारवाला होता. अजूनही आहे. त्याचं नाव बस्त्याव.

बस्त्याव वाजवायचा फार सुरेख. पण त्याला काही सांगायचं म्हणजे जपून सांगावं लागे. कारण सांगितलेलं तो ऐकायचा, लक्षात ठेवायचा आणि करायचा. तिन्ही गोष्टी.

त्याची गिटार विजेवर चालणारी, जुनी. स्पीकरला जोडली की घुरघुरायची. इनास मास्तरांच्या बँडमध्ये तो वाजवत असे. एका बारशाला ती इतकी घुरघुरली, की फादरना वाटलं हॉलचा फ्रीज बिघडला. त्यांनी फ्रीज बंद करायला लावला. आईस्क्रीमचं सरबत झालं.

मास्तरांनी त्याला बाजूला घेतलं.

"रविवारी माझ्या थोरल्याचं लग्न आहे. त्यात ही घुरघुरली तर तू बँडमधून बाहेर. आणि नाही घुरघुरली, तर रेजिनाचं बोलू."

रेजिना म्हणजे मास्तरांची मुलगी. तिला बस्त्याव आवडायचा. का, ते विचारू नका. मी विचारलं होतं, ती नुसती हसली.

बस्त्यावच्या आतेभावाने दुबईहून एक खोकं पाठवलेलं होतं. त्यात गिटारचं सगळं नवं सामान. तारांचा आवाज पकडणारे पिकअप, तारा ताणायच्या खुंट्या, आवाज कमीजास्त करायची दोन बटणं, वायर खुपसायचा जॅक. हे बसवायचं कोणी? गावात एकच जाणकार, त्याचे पेद्रूमामा. त्यांनी वीस वर्षं बँडमध्ये गिटार वाजवली. पण केळीच्या बागेत घसरून त्यांचा उजवा हात मोडला होता. हात प्लास्टरमध्ये. तोंड मोकळं.

"मी सांगतो, तू कर," मामा म्हणाले.

इथेच चुकलं.

आमच्या मागच्या दारातून बस्त्यावच्या घरचा ओटा दिसतो. मी मुद्दाम बघत नाही. भाजी निवडायला तिथे उजेड चांगला असतो.

सोमवारी मामा म्हणाले, "पुढची पाटी उघड. सगळं तिच्याखाली आहे."

बस्त्यावने स्क्रू काढले आणि ताणलेल्या तारांखालून पाटी ओढली. एक तार तुटून गालावर बसली. गालावर लाल रेघ.

"अरे, तारा आधी सैल करायच्या," मामा म्हणाले. "ज्याला हात लावशील ते आधी सैल कर. लक्षात ठेव."

"ठेवलं मामा."

मंगळवारी त्याने नव्या खुंट्या बसवल्या. मामांनी डाव्या हाताने गिटार उचलली. सहाच्या सहा खुंट्या ओट्यावर पडल्या. एक आमच्या कोंबडीने उचलली.

"या घट्ट का नाही केल्यास?"

"केल्या होत्या. मग हात लावला, म्हणून सैल केल्या."

मामांनी मोठा श्वास घेतला. "बसवलेली वस्तू घट्ट पाहिजे. धरून हलवली तर हलता कामा नये. लक्षात ठेव."

"ठेवलं मामा."

कोंबडीकडून खुंटी मिळवण्यात अर्धा दिवस गेला. बुधवारी त्याने खुंट्या पक्क्या केल्या आणि आवाजाचं बटण बसवलं.

"धरून हलवा मामा," तो म्हणाला.

मामांनी फिरवून बघितलं. फिरेना. जोर लावला. फिरेना. दोन ट्यूब एकत्र करतात तो पक्का गोंद त्याने सगळीकडून भरला होता.

"आणि हे चिकटवलंस कुठे? आवाज किती आहे आता?"

"शून्यावर. आई दुपारची झोपते ना."

मामा थोडा वेळ नारळाच्या झाडाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "खोक्यात दुसरं बटण आहे ते लाव. फिरवायची वस्तू मोकळी पाहिजे रे बाळा. बोट लावलं की गरकन फिरली पाहिजे. लक्षात ठेव."

"ठेवलं मामा."

त्या संध्याकाळी रेजिना कुंपणापाशी आली. हातात लग्नाच्या हारांचा दोरा होता.

"नीट कर रे," ती म्हणाली. "माझं सगळं त्या खोक्यावर आलंय."

"खोकं रिकामं झालं," बस्त्याव म्हणाला. "सामान बाहेर काढलं मी."

ती माझ्याकडे बघून म्हणाली, "मावशी, तुम्ही लक्ष ठेवा हो."

मी म्हटलं, मी कशाला दुसऱ्यांच्या घरात लक्ष देऊ. पण गुरुवारी जरा जास्त भाजी निवडली.

गुरुवारी दुसरं बटण लावून झालं आणि त्याने जॅक बसवला. बोट लावलं की गरकन फिरत होता. बस्त्यावने आईला फिरवून दाखवला, पोस्टमनला दाखवला, मलाही दाखवला. मामा येईपर्यंत पन्नास वेळा तरी फिरला असेल. आत दोन वायरींना पीळ पडून त्या तुटल्या.

"हा फिरवायचा नसतो," मामा म्हणाले. आवाज फार शांत होता. "हा जागेवर आवळून टाक. आणि इथून पुढे काहीही उघडलंस की आधी मोबाइलवर फोटो काढ. जसं फोटोत, तसंच परत लावायचं. लक्षात ठेव."

"ठेवलं मामा."

शुक्रवारी त्याने जॅक आवळला, पाटी उघडून फोटो काढला आणि नवे पिकअप बसवायला घेतले. वायरी जोडायला धातू वितळवून डाख देतात, तो सोल्डर त्याने इतका सुबक केला, की मामासुद्धा वाकून बघत राहिले. मग त्यांना दोन वायरी लोंबताना दिसल्या.

"या तुटक्याच राहिल्या?"

"नाही, जोडल्या होत्या. मग फोटो बघितला. फोटोत तुटलेल्या होत्या, म्हणून कापल्या."

"आणि गिटारमध्ये ही बशी कसली?"

"फोटोत आहे. तेव्हा मी चहा पीत होतो."

बशी काढली. मामांनी डाव्या हाताने डोळे पुसले. "दोन दिवस राहिले रे. लग्न तुझ्या बहिणीचं नाही, तुझ्या होणाऱ्या सासऱ्याच्या घरचं आहे. कुठेही मोकळं टोक लोंबताना दिसलं, की ते जोडायचं. लक्षात ठेव."

"ठेवलं मामा."

शनिवारी सकाळी वायरी जोडलेल्या होत्या. पाटी बसली होती, नव्या तारा चढल्या होत्या. आणि गिटारच्या टोकाला, जिथे खुंट्यांतून तारांची उरलेली टोकं बाहेर येतात, ती सहाही टोकं वळवून, एकत्र गुंडाळून त्यांवर बोराएवढा सोल्डरचा गोळा बसवला होता. एक खुंटी पिळली की उरलेल्या पाच तारा तक्रार करत.

मामांनी माझ्याकडून पक्कड मागून घेतली आणि डाव्या हाताने तो गोळा स्वतः तोडला. मग म्हणाले, "आता स्पीकरला लाव."

लावली. बस्त्यावने एक सूर छेडला. काय आवाज होता. आमच्या ह्यांनी पेपर खाली ठेवला. घुरघुर जवळजवळ गेली होती. फक्त तारांवरचा हात काढला की बारीकशी यायची, डास लांब असावा तशी. हात ठेवला की गप्प.

"एवढी सगळ्याच गिटारांना असते," मामा म्हणाले. त्यांचा चेहरा पाच दिवसांनी पहिल्यांदा सैल झाला. "त्याला उपाय सोपा. गाणं संपलं, की हात तारांवर ठेवायचा. वाजवत नसशील तोवर काढायचा नाही. लक्षात ठेव."

"ठेवलं मामा," बस्त्याव म्हणाला.

मामा घरी गेले आणि आठवड्यात पहिल्यांदा पोटभर जेवले, असं मामी सांगत होती.

रविवारी शाळेच्या मैदानात मांडव. गावातलं कोणी घरी राहिलं नव्हतं. मी तिसऱ्या रांगेत होते, तिथून स्टेज नीट दिसतं. नवरा-नवरी नाचायला उभे राहिले आणि बस्त्यावने पहिलं गाणं वाजवलं. असं वाजवलं, की केक कापणारी बाई सुरी हातात धरून तशीच थांबली. गाणं संपलं. बस्त्यावने हात तारांवर ठेवला. मांडवात गारेगार शांतता. घुरघुर नावालासुद्धा नाही.

इनास मास्तर उठले. त्यांचे डोळे ओले होते. त्यांनी माइक घेतला.

"आज मुलाचं लग्न झालं. मुलीचंही आत्ताच ठरवून टाकतो. बस्त्याव, खाली ये. सगळ्यांसमोर रेजिनाचा हात धर आणि नाच."

टाळ्या पडल्या. रेजिना स्टेजपाशी आली. गुलाबी झगा, केसात पांढरी फुलं. तिने हात वर केला.

बस्त्याव हलला नाही.

"ये ना," ती म्हणाली.

"आत्ता मी वाजवत नाहीये," बस्त्याव म्हणाला.

"म्हणूनच तर ये."

"म्हणूनच येता येत नाही."

टाळ्या हळूहळू थांबल्या. मास्तरांनी माइकमधून विचारलं, "काय रे, मुलगी पसंत नाही?"

"फार पसंत आहे," बस्त्याव म्हणाला आणि दुसरा हातही तारांवर ठेवला.

रेजिनाचा हात तसाच वर. मी मनात शंभरपर्यंत मोजलं. मामा पाचव्या रांगेतून प्लास्टरचा हात हलवत होते. बस्त्यावला वाटलं शाबासकी देतात. त्याने मान डोलावली.

शेजारी नवरीचा भाऊ रुझार सरबत पीत उभा होता. रेजिनाने हात खाली घेतला, त्याच्या हातातला ग्लास काढून टेबलावर ठेवला आणि त्याला नाचायला घेऊन गेली. मास्तरांनी बँडला खूण केली. बस्त्यावने वाजवायला सुरुवात केली. त्या दोघांसाठी त्याने जे वाजवलं, तसं आमच्या गावात कोणी वाजवलेलं नाही. रुझारला नाचता येत नव्हतं, तरी तो चांगला नाचला.

येत्या मे महिन्यात त्यांचं लग्न आहे.

त्या रविवारी जेवणाच्या पंगतीत मामा बस्त्यावसमोर येऊन बसले. "अरे, घटकाभर हात काढून खाली गेला असतास तर काय बिघडलं असतं?"

बस्त्यावने घास गिळला. मामा इतके शिकलेले आणि एवढंही कळू नये, याचं त्याला वाईट वाटलं असावं.

"मामा," तो समजावून म्हणाला, "हात काढला असता तर घुरघुर आली असती. आणि घुरघुर आली असती, तर मास्तरांनी मला रेजिना दिली असती का?"