राजाच्या हातचा दोडका

एकदा काय झालं, एका राजाची राणी रुसून माहेरी गेली. कशावरून माहीत आहे? दोडक्यावरून! हसू नका. राजे लोकही दोडक्यावरून भांडतात.

राणीचं नाव गिरजा. ती माळ्याची लेक. राजवाड्यामागे तिचे भाजीचे वाफे होते. दरवर्षी थंडी सरली की ती स्वतः कुदळ घेऊन तिथं जायची. तर एकदा तिनं राजाला दोडक्याची भाजी वाढली. राजा म्हणाला, "भाजीचं एवढं कौतुक कसलं गं? जमिनीत बी टाकलं की झालं. कुणीही करेल."

झालं! राणीनं हातातला डाव खाली ठेवला. म्हणाली, "मग तुम्हीच करा. पाडव्यापर्यंत तुमच्या हातचा दोडका उगवला तर परत येईन. नाहीतर मी माहेरीच बरी." आणि गेली की तरातरा!

पहिल्या दिवशी राजा ऐटीत होता. दुसऱ्या दिवशी त्याला जेवण जाईना. तिसऱ्या दिवशी तो राणीच्या रिकाम्या पाटाकडे बघून चक्क रडला. रडेल नाही तर काय? फार जीव होता त्याचा तिच्यावर.

मग राजानं कंबर कसली. मागच्या वाफ्यात आपल्या हातानं बी टाकलं आणि नोकरांना म्हणाला, "जमीन चांगली तयार करा." आता वाड्यातल्या नोकरांना जमीन तयार करायची एकच रीत ठाऊक. लग्नाच्या मांडवाची! त्यांनी वाफा धपाधप चोपला, सपाट केला, गुळगुळीत सारवला आणि वर ठिपक्यांची रांगोळी काढली.

आठ दिवस गेले. काही उगवेना. मग राजानं जमिनीला कान लावला. आतून बी ओरडलं, "अहो राजे, डोकं वर काढायला जागा कुठाय? टेंगूळ आलं, टेंगूळ!"

मग राजानं स्वतः कुदळ घेतली. खणलं, ढेकळं फोडली. हाताला हे एवढाले फोड आले, पण माती कशी भुसभुशीत झाली. राजानं नवं बी टाकलं. तेवढ्यात प्रधानजी म्हणाले, "महाराज, राणीसाहेब यायच्या आहेत. वास जरा बरा हवा." म्हणून वाफ्यात घागरभर गुलाबपाणी ओतलं, अत्तर शिंपडलं.

आठ दिवसांनी कान लावला, तर आतून नुसत्या शिंका! "आंक् छी! अहो, इथं काय वरात निघालीय? भूक लागलीय आम्हाला. खायला घाला!"

राजा म्हणाला, "काय घालू? बासुंदी?"

"शेणखत! जुनं, चांगलं कुजलेलं. राणी स्वतः वाहून आणायची, बरं का!"

पाडवा आला होता आठ दिवसांवर. राजा गोठ्यामागच्या उकिरड्यावर गेला. एका हातात पाटी, एका हातात स्वतःचं नाक. पाटी कलंडली. पुन्हा भरली, पुन्हा कलंडली. तिसऱ्यांदा मग राजानं नाक सोडलं आणि पाटी दोन्ही हातांनी उचलून डोक्यावर घेतली. मुकुट? तो प्रधानजींच्या हातात! खत मातीत कालवलं, पुन्हा बी टाकलं, वर हलकीशी माती सारली आणि बेतानं पाणी दिलं. आणि राजा तिथंच बसून राहिला. उगवेल का, येईल का, एवढंच त्याच्या मनात.

पाडव्याच्या सकाळी वाफ्यात हिरवे कोंब! निरोप गेला, राणी आली. दारात गुढी, चौघडा, आरतीची तबकं, सगळं गाव जमलं. पण राजा कुठाय? राजा मागे वाफ्यापाशी, चिमण्या हाकलतोय!

राणी तशीच मागे गेली. पावलं वाजली तशी राजा मान वर न करताच ओरडला, "ए, पाय बघून! कोंब आहेत तिथं. केवढ्या मेहनतीनं आलेत, आणि कुणीही येतं न् तुडवतं!"

राणीनं तोंडाला पदर लावला. हसू आवरेना आणि डोळ्यांतलं पाणीही थांबेना. म्हणाली, "अहो, मी आहे."

राजा म्हणाला, "तू होय? ये, ये. पण त्या बाजूनं ये!"

मग राणीनं पदर खोचला, झारी उचलली आणि शालूनिशी त्याच्या शेजारी उकिडवी बसली. त्या वर्षी एवढे दोडके आले की साऱ्या गावाला पुरले. प्रधानजींना दोडका मुळीच आवडायचा नाही, पण बिचाऱ्यांनी मुकाट्यानं खाल्ला. आणि सगळी सुखानं नांदली.

चला, मिटा डोळे. आणि उद्या पानात दोडका आला तर नाकं मुरडायची नाहीत, आत्ताच सांगून ठेवते.