दिगंबरचा न झोपणारा लॅपटॉप

डोंगराला लागून असलेल्या एका गावात दिगंबर नावाचा तरुण राहत होता. पंचायतीच्या लॅपटॉपवर काम करणारा तो एकटाच. काम चालू असताना लॅपटॉपचा पडदा अंधारला, की जमलेल्या लोकांपुढे त्याला कमीपणा वाटे. म्हणून त्याने वीज वाचवण्याच्या सगळ्या सोयी बंद करून टाकल्या. हायबरनेटसुद्धा.

ग्रामसेविका शैलजाताई म्हणाल्या, “अहो, हायबरनेट चालू असलं, की बॅटरी संपत आल्यावर लॅपटॉप केलेलं काम जपून ठेवतो आणि मगच झोपतो. तेवढं तरी चालू ठेवा.”

“माझा लॅपटॉप झोपत नाही, ताई!” दिगंबर ऐटीत म्हणाला.

त्या वर्षी गावाने डोंगरातल्या झऱ्यांची नोंद करायचे ठरवले. सगळे झरे ठाऊक होते ते फक्त चांगुणाबाईंना. जन्मभर त्यांनी तिथे शेळ्या राखल्या होत्या. आता दृष्टी गेली होती. सून त्यांना पंचायतीत बसवून शेतावर गेली. सकाळपासून वीज नव्हती. शैलजाताईंनी टेबलावर एक वही ठेवली आणि त्या कामाला बाहेर पडल्या.

चांगुणाबाई सांगू लागल्या. “उंबराखाली एक. तिथून वर चढलं की कड्याच्या पोटात दुसरा...”

बारावा झरा सांगून होतो न होतो तोच पडदा काळा पडला. दिगंबरने काहीच सेव्ह केले नव्हते. वही हाताशी होती. “आजी, थांबा,” एवढेच म्हणायचे होते. पण लॅपटॉप बंद पडला हे कबूल करायला त्याची जीभ उचलेना. तो बंद लॅपटॉपवर नुसती बोटे आपटत राहिला. आणि म्हातारी तासभर सांगत राहिली.

“बत्तीस झाले. लिहिलंस ना रे बाळा?”

“लिहिलं, आजी.”

चाचपडत त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. “मोकळी झाले बघ मी.”

तो हात दिगंबरला सोसवेना. दोन दिवस त्याला अन्न गोड लागले नाही. तिसऱ्या दिवशी वही घेऊन तो त्यांच्या घरी गेला. चांगुणाबाई तापाने अंथरुणाला खिळल्या होत्या. त्याने पाय धरले आणि सारे सांगितले.

त्या म्हणाल्या, “म्हणजे नुसता खटखट वाजवत होतास?”

“हो, आजी.”

“त्या दिवशी मनानं अख्खा डोंगर चढले होते रे. आता पुन्हा तेवढं चालवत नाही.”

तरी आठवले तेवढे त्यांनी सांगितले. एकोणीस झरे वहीत उतरले. त्या तापातून चांगुणाबाई उठल्या नाहीत.

पुढे ग्रामसभेत झऱ्यांचा नकाशा लागला. लोक दिगंबरचे कौतुक करू लागले. तो उठून उभा राहिला. त्याची मान वर होईना.

“झरे बत्तीस होते,” तो म्हणाला. “तेरा हरवले. बॅटरीमुळे नाही, माझ्यामुळे.”



तात्पर्य: वेळीच थांबण्यात कमीपणा नसतो, झालेली चूक झाकून काम चालू असल्याचे सोंग करण्यात असतो.