पहाटेचे पडदे

एकदा एका माळरानाच्या कडेला रोपवाटिका चालवणाऱ्या वृद्ध गृहस्थांकडे, आबांकडे, एक तरुण शिकायला राहिला. विधवा आईचा तो एकुलता एक. चांगल्या मिशा फुटलेल्या या चिरंजीवांना आई अजूनही सकाळी गार पाण्याला हात लावू देत नसे. तिच्या शेतावर वारा फार. विकत आणलेली रोपे दरवर्षी आडवी होत. "यंदा टोमॅटोची रोपं मी करतो," असे म्हणून तो हट्टाने आला होता. रोपे जमली नाहीत तर शिकणे सोडून मुकाट्याने घरी यायचे, हे आईने कबूल करून घेतले होते.

थंडीचे दिवस होते. वृद्ध रोज मावळतीला शेडचे पडदे नीट लावून आतली ऊब रात्रभर राखत. आणि उजाडता उजाडता, गारठा हाडात शिरतो नेमक्या त्या वेळी, सगळे पडदे वर गुंडाळून टाकत. ऊन अंगावर आले की पुन्हा खाली सोडत. शिष्याला हे काही केल्या पटेना. रात्रभर जपायचे आणि ऐन गारठ्यात उघड्यावर टाकायचे! आबांचे वय झाले, असे त्याने मनाशी ठरवून टाकले. विचारण्याचे धाडस मात्र झाले नाही.

स्वतः पेरलेल्या ट्रेंपैकी अर्धे त्याने मागच्या लहान शेडमध्ये हलवले, उरलेले आबांच्या देखरेखीखाली राहिले. लहान शेडमध्ये पहाटे पडदे बंदच राहत, शिवाय तो शेगडी पेटवून ठेवी. रोपे सरसर वाढली. आबांच्या रोपांपेक्षा ती बघता बघता दुप्पट उंच झाली, आणि शिष्याची छातीही तितकीच फुगली. वृद्धांनी सारे पाहिले होते, तरी त्यांनी त्याला करू दिले.

लावणीच्या दिवशी आई आली.

"अगंबाई, केवढाली झाली रे!" ती हरखून म्हणाली. "आणि ती बुटकी कुणाची?"

"ती आबांची," शिष्य हळूच हसत म्हणाला.

"दोन्हींतला एकेक ट्रे बाहेर माळावर ठेव," वृद्ध म्हणाले. "यांच्या शेतात वाराच आहे ना?"

चहा होईपर्यंत उंच रोपे माना टाकून आडवी झाली होती. बुटकी नुसती हलत होती. शिष्याला रडूच यायचे बाकी राहिले. आई म्हणाली, "चल बाबा घरी. ठरलंच होतं आपलं."

"आबा, मी त्यांना जरासुद्धा थंडी लागू दिली नाही हो!"

"तेच तर झालं," वृद्ध म्हणाले. "रोपाच्या अंगात वाढीचा एक रस असतो, संप्रेरक म्हणतात त्याला. दिवस उगवताना तो उसळतो. तेव्हा ऊब मिळाली की रोप नुसतं उंच धावतं, खोड भरायला सवडच मिळत नाही. त्याच घडीला गारवा लागला की रस आवरता राहतो, पेरं आखूड राहतात, खोड भरतं. रात्र गार आणि दिवस गरम गेला तरी रोप असंच लांबतं, म्हणून रात्री मी झाकतो. माया तूही केलीस. पण वेळ चुकलास."

आईने हे सारे कान देऊन ऐकले. मग जरा घाबरत विचारले, "आणि गारठा जास्त झाला तर?"

"तर मरतंही. म्हणून मी तिथून हलत नाही, ताई. ऊन आलं की पडदे सोडायचे असतात."

आईने बुटक्या रोपांचे ट्रे गाडीत चढवले. तीही लेकाच्याच हातची पेरलेली होती. मुलासाठी आणलेली कानटोपी तिने पिशवीतून काढली, क्षणभर हातात धरली आणि पुन्हा पिशवीत ठेवली.

"पुढच्या वर्षीची रोपं तूच कर," ती म्हणाली. मग ती मागे न बघता गाडीत बसली.

दुसऱ्या दिवशी पहाटे वृद्ध शेडपाशी आले तेव्हा पडदे वर गेलेले होते. शिष्य तिथेच कुडकुडत उभा होता, उन्हाची वाट पाहत.