सातव्या माळावर कुणी बसत नाही

अहो पाव्हणं, ती मोज्यातली कुसळं वेचू नका! राहू द्या तशीच. पुढच्या माळावर गेलं की झटका, आमच्याकडची रीतच आहे ती. आणि शेवटच्या, सातव्या माळावर बसायचं नाही. पाटील असो की पाव्हणा, तिथं कुणी बूड टेकत नाही.

पूर्वी हा सगळा एकच माळ होता, असं सांगतात. मग नांगर फिरले, मधे मधे शेतं आली आणि माळाचे सात तुकडे झाले. त्या काळी इथं म्हाकूबाई नावाची धनगरीण होती. तिच्या लोकरीला पंचक्रोशीत तोड नव्हती. एक माळ सोडताना ती मेंढी न् मेंढी आडवी पाडायची, लोकरीतलं कुसळ न् कुसळ वेचायची आणि चुलीत घालायची. घोंगडी विणणारे सणगर तिचं दार सोडत नसत. त्या कौतुकानं बाई फुगली. हुरळली मेंढी लागली लांडग्यामागं, तशातली गत!

कारण एकेका माळावरून पवना नाहीसा झाला. पवना म्हणजे कुसळाचं गवत, मेंढरांचं पक्वान्न. त्यामागून मारवेल गवतही गेलं. मेंढ्यांचं दूध आटलं, कोकरं पटापटा मरू लागली. म्हाकूबाईचा जीव थाऱ्यावर राहीना. बिरोबाला भंडारा उधळून झाला, काही उपयोग नाही.

तेवढ्यात बांडी नावाची तिची म्हातारी मेंढी दुसऱ्या माळावर मेली. आजारी म्हणून तिची कुसळं कुणी वेचली नव्हती. पुढच्या पावसात ती पडली होती तेवढ्याच जागी पवना उगवला, म्हणे. म्हाकूबाईनं कपाळ बडवून घेतलं. "अगं बाई, कुसळाच्या बुडाशीच बी असतंय, चुलीत मीच की गं माळ जाळला!"

तिनं बिरोबाची आण घेतली, सातही माळांवर पवना डोलल्याबिगर बसणार नाही. कुसळांनी भरलेली मेंढरं घेऊन ती या माळावरून त्या माळावर हिंडू लागली. सणगरांनी पाठ फिरवली.

दीर चिडून म्हणाला, "वहिनी, आता आपण काय कुसळं खायची?"

"आधी माळाचं पोट भरू दे भावजी, मग आपलं."

सहा माळ भरले. सातवा सगळ्यांत लहान, चारी बाजूंनी नांगरलेला, तिथं काही पवना धरेना. ती हिंडतच राहिली. कुठं थांबली, कुणी पाहिलं नाही.

आजही सातव्या माळावर पवन्याचं एखादं ठोंब येतं आणि वाळून जातं. तिची आण फिटलेली नाही. ती बसली नाही, मग आपण कसं बसायचं? चला, पाय उचला. तुमच्या मोज्यांत चांगली ओंजळभर कुसळं दिसतायत.