रांजणाचं शेवटचं पाणी

एकदा एक वृद्ध मद्यकार जॉर्जियातल्या डोंगरउतारावरच्या एका गावात राहत होता. माणूस आत उतरेल एवढ्या, गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेल्या मातीच्या रांजणांत वाइन मुरवायची, ही तिकडची रीत. आणि त्या विद्येत त्याचा शब्द अखेरचा मानला जाई. त्याच्याजवळ सात वर्षं शिकलेला एक शिष्य होता. तिशी ओलांडलेला, हाताला चलाख, डोक्याने तापट.

त्या वर्षी शिष्याला मुलगी झाली. मुलीच्या जन्मवर्षाची वाइन तिच्या लग्नासाठी राखून ठेवायची, असा त्या गावचा रिवाज. वर्षही असं, की इतकी गोड द्राक्षं वीस वर्षांत कुणी पाहिली नव्हती. गुरूने प्रथमच एक रांजण धुण्यापासून भरण्यापर्यंत त्याच्या एकट्याच्या हवाली केला.

तोडणीच्या दिवशी भरलेल्या टोपल्या रांजणापाशी येऊन ठेपल्या. शिष्याची बायको लेकीला छातीशी धरून जेवण घेऊन आली. तेवढ्यात गुरूही आला. द्राक्षांकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही. म्हणाला, "रांजण धुतल्यावर तळाशी उरलेलं शेवटचं पाणी काढ. वाडगाभर."

शिष्याचं डोकं फिरलं. "बाबा, ऊन चढतंय! द्राक्षं तापली तर मातीमोल होतील. असं वर्ष पुन्हा येणार आहे का? आणि तुम्ही धुण्याचं पाणी काय मागता?"

"काढ."

आदळआपट करत त्याने पाणी काढलं. गुरूने वाडगा घेतला आणि सरळ त्याच्या बायकोपुढे धरला. "दमलीस, पोरी. पी."

तिने हात पुढे केला. शिष्याने झडप घालून वाडगा हिसकावला. अर्धं पाणी त्याच्याच अंगावर सांडलं. "वेड लागलंय का तुम्हाला? अंगावर पाजणारी बाई आहे ती! हे पाणी तिला देता?"

बोलून गेला, आणि मगच त्याने वाडग्यात उरलेल्या गढूळ पाण्याकडे पाहिलं.

"म्हणजे तुला माहीत होतं," गुरू म्हणाला. आवाज चढला नव्हता, पण राग लपत नव्हता. "शेवटचं पाणी धुणाऱ्याने स्वतः पिऊन दाखवावं, हे पहिल्याच वर्षी शिकवलं होतं तुला. मला घाणीची चीड नाही. घाण निघते. द्राक्षं उत्तम आहेत ना, मग चालून जाईल, असं तू मनाशी म्हणालास, त्याची चीड येते. वाईट वर्षी हाच रांजण चार वेळा घासला असतास. बायकोला जे देववत नाही, ते लेकीच्या लग्नात पाहुण्यांना पाजणार होतास!"

चालून जाईल! या दोन शब्दांनी जेवढी नासाडी केली आहे, तेवढी गारपिटीनेही केली नसेल.

शिष्याचा संताप मावळला नव्हता, पण तो गुरूवर काढण्याची सोय आता उरली नव्हती. द्राक्षं तापायच्या आत त्याने स्वतःच टोपल्या उचलल्या आणि एकेक करून शेजारच्या, गुरूने धुऊन ठेवलेल्या रांजणात रित्या केल्या. बायकोला रडू फुटलं. "आणि आपल्या पोरीची वाइन?"

"सावलीच्या अंगाच्या वेलींवर अजून घड आहेत. पंधरा दिवसांत तयार होतील."

"ते आंबट निघतात," गुरू म्हणाला. "वाइन पातळ होईल."

"होऊ दे!" सदरा काढून फेकत, घासणी घेऊन शिडीवरून आपल्या रांजणात उतरता उतरता शिष्य ओरडला. "लग्नात कुणाच्या हातातला पेला हिसकावून घ्यावासा वाटला नाही, म्हणजे पुरे."